दीड किलोमीटर खाली दाब किती? माझ्या डिझर्टेशनचं वर्ष

मे महिन्यात व्हायवा झाली आणि तेव्हापासून ज्युनियर मुलामुलींचे मेसेज येतायत, तू तो कार्बन डायऑक्साइड पुरायचा विषय घेतला होतास ना, दाब कसा काढलास, डेटा कुठून मिळाला. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. कागदपत्रांचा भाग मुद्दाम कापत नाही, कारण मला सगळ्यात जास्त हरवल्यासारखं तिथेच झालं होतं.

विषय डोक्यात आला २०२४ च्या फेब्रुवारीत. गोव्यातल्या बेतुलला इंडिया एनर्जी वीक होतं, आम्हा काही जणांना पास मिळालेले, तिथे दोन-तीन स्टॉलवर कार्बन पकडून जमिनीखाली साठवण्याचे व्हिडिओ चालू होते. व्हिडिओत सगळं फार सोपं दिसतं, निळा पाइप खाली जातो आणि दगडात निळा ढग पसरतो. घरी येऊन नीती आयोगाचा २०२२ चा रिपोर्ट वाचला, त्यात भारतात ४०० ते ६०० गिगाटन मावेल असा अंदाज आहे. जूनमध्ये विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी माझ्या गाइड मॅडमना म्हटलं की मला पश्चिम किनाऱ्यासमोर किती मावेल ते काढायचंय. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "किती मावेल ते सगळेच काढतात गं, आधी खाली दाब किती आहे ते काढून दाखव."

दाबच का, हे समजायला मला नॉर्वेची दोन उदाहरणं कामी आली. स्लाइप्नर या समुद्रातल्या गॅसक्षेत्रात १९९६ पासून कितीतरी वर्षं वर्षाला साधारण १० लाख टन कार्बन डायऑक्साइड उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात गेला, तो थर इतका जाड आणि मोकळा आहे की दाब फारसा वाढलाच नाही. त्याच देशात, त्याच कंपनीनं २००८ मध्ये स्नोव्हिट या दुसऱ्या गॅसक्षेत्रात टुबोएन थरात गॅस घालायला सुरुवात केली आणि तिथे दाब अंदाजापेक्षा खूप भराभर चढला, दगड फुटायच्या मर्यादेकडे जायला लागला, शेवटी २०११ मध्ये तो थर सोडून वरच्या स्टो थरात जावं लागलं. जागा होती, पण दाबाला वावच उरला नव्हता. म्हणजे खरा प्रश्न असा की आत्ता खाली किती दाब आहे, दगड किती दाबाला फुटेल, आणि या दोघांच्या मधे किती अंतर आहे. अमेरिकेच्या क्लास सिक्स, म्हणजे कार्बन डायऑक्साइड खाली घालायच्या विहिरींच्या नियमात सरळ लिहिलंय की थर फुटायच्या दाबाच्या ९० टक्क्यांवर जायचं नाही. त्या ९० टक्क्यांतून आधीचा दाब वजा केला की जे उरतं तेवढंच तुमचं भांडवल.

गोव्यात पुरणार काय, असं घरी-दारी सगळ्यांनी विचारलं म्हणून सांगते. गोव्याच्या जमिनीखाली यासाठी लागतो तसा गाळाच्या खडकांचा जाड थर नाहीच, आपल्याकडे जुने धारवाडी खडक आणि सत्तरीच्या वरच्या टोकाला थोडा बेसॉल्ट. गाळाचे जाड थर आहेत ते समुद्राखाली, उत्तरेला मुंबईसमोर आणि इथून दक्षिणेला कोकण-केरळ खोऱ्यात. आणि खोलीही हवी, साधारण ८०० मीटरच्या खाली, कारण ३१ अंश सेल्सियस आणि ७.३८ मेगापास्कलच्या वर गेला की कार्बन डायऑक्साइड दाट होतो, कमी जागेत मावतो.

आता डेटा. देशातल्या तेलविहिरींचा डेटा डीजीएचच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या, नॅशनल डेटा रिपॉझिटरीत असतो, ती २०१७ मध्ये सुरू झाली. तिथे आधी यादी बघायची, कुठल्या विहिरीचे कुठले लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदी, आहेत ते टिपून घ्यायचं, मग संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, त्यांच्याही वरची सही, आणि गोपनीयतेचं हमीपत्र. हमीपत्रामुळेच माझ्या विहिरींची नावं आणि खरे आकडे इथे देता येणार नाहीत, खाली जे आकडे येतील ते समजण्यापुरते धरलेले आहेत. स्टँपपेपर, नोटरी आणि झेरॉक्स मिळून सहाशेच्या आत गेलं. पैशाचं काही नाही, वेळ जातो. माझं पत्र एका कार्यालयात, कुठल्या ते सांगत नाही, एका टेबलावर पडून राहिलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, विचारायला गेलं की साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, मग चवथ आली आणि चवथीच्या आधी-नंतर गोव्यात कुठली फाइल हलते ते तुम्हाला माहीतच आहे. टिप म्हणून सांगते, पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, पुढच्या वेळी "पत्र आलंच नाही" म्हणता येत नाही. आणि फोन करण्यापेक्षा सकाळी साडेदहाला स्वतः जाऊन उभं राहिलेलं बरं.

या काळात रिकामी बसले नाही ते मॅडममुळे. त्यांनी व्होल्वेचा डेटा डाउनलोड करायला सांगितलं. व्होल्वे हे उत्तर समुद्रातलं छोटं तेलक्षेत्र, २००८ ते २०१६ चाललं, आणि बंद झाल्यावर कंपनीनं २०१८ मध्ये सगळा डेटा उघडा केला, लॉग, ड्रिलिंगचे रोजचे रिपोर्ट, दाबाची मोजमापं, सगळं. फुकट. आकार मात्र प्रचंड आहे, सगळं ओढू नका, विहिरींचे लॉग आणि रिपोर्ट एवढंच घ्या. डिचोलीला आमच्या घरी पावसात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशी, म्हणून रात्री डाउनलोडला लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं की किती टक्क्यांवर लटकलंय. एक हार्ड डिस्क घेतली साडेचार हजारांची, वर्षातला सगळ्यात मोठा खर्च तोच. लॉगच्या फाइली पायथनमध्ये लासिओ नावाच्या लायब्ररीनं उघडतात, बाकी निम्मं काम एक्सेलमध्येच झालं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवात सगळ्यात सोप्या गोष्टीपासून होते, थरातला दाब म्हणजे वरच्या पाण्याच्या स्तंभाचं वजन. समजा समुद्रसपाटीपासून १५०० मीटर खाली बघतोय. समुद्राच्या पाण्याची घनता धरली तर दाब येतो १५.१ मेगापास्कल. पण थरातलं पाणी जास्त खारट असतं, १.०७ घनता धरली तर १५.७. म्हणजे नुसतं मीठ बदललं तर ०.६ चा फरक. मग कुठलं पाणी धरायचं? पाण्याच्या नमुन्याचा रिपोर्ट असला तर प्रश्नच नाही, नसला तर रेझिस्टिव्हिटी लॉगवरून, म्हणजे खडकाच्या विजेला होणाऱ्या विरोधाच्या नोंदीवरून, क्षारता काढावी लागते, आणि हे दोन्ही नसलं तर दोन्ही आकडे ठेवायचे आणि मधला पट्टा दाखवायचा.

वरच्या खडकाचं वजन हा दुसरा भाग, दगड किती दाबाला फुटेल त्याच्या अंदाजाला ते लागतं. त्यासाठी डेन्सिटी म्हणजे घनतेचा लॉग वरपासून खालपर्यंत जोडत यायचं, पण गंमत अशी की लॉग समुद्रतळापासून सुरू होतच नाही, वरचे तीन-चारशे मीटर कुणी मोजलेले नसतात कारण तेल तिथे नसतं. तो तुकडा अंदाजानं भरावा लागतो आणि ४०० मीटरवर घनता नुसती ०.१ नं चुकली तरी ०.४ मेगापास्कल इकडचं तिकडे. मी विचार केला होता की २०१५ मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात आयओडीपी या समुद्रतळ खणणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची ३५५ नंबरची मोहीम झाली, त्यांचे गाभे, म्हणजे खणून काढलेले नमुने, आहेत, त्यातून घनता घेऊ. मॅडमनी सांगितलं तिथे पाणी साडेतीन किलोमीटर खोल आणि आपल्या विहिरी किनाऱ्यालगतच्या, शंभर मीटरच्या आतल्या उथळ शेल्फवर, तो चिखल वेगळा आणि हा वेगळा. तेव्हा तो विचार तिथेच संपला.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर डेटा हातात आला. नरकासुराच्या रात्री अख्खी आळी ढोल बडवत होती आणि मी स्कॅन केलेले रिपोर्ट झूम करून वाचत होते. जुने रिपोर्ट टाइपरायटरवरचे, त्यात दाब केएससीमध्ये म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, मधेच पीएसआय, नंतरच्या रिपोर्टात बार. सगळं आधी मेगापास्कलमध्ये आणा, आणि हे करताना बाजूच्या रकान्यात मूळ आकडा, मूळ युनिट आणि पान नंबर तसाच ठेवा. गेज दाब की निरपेक्ष दाब तेही बघा, १४.७ पीएसआयचा फरक असतो. खोली कुठून मोजलीय हे तर सगळ्यात आधी. ड्रिलिंगवाले रिगवरच्या केली बुशिंगपासून मोजतात, ते समुद्राच्या वर पंचवीस-तीस मीटर असतं, आणि विहीर तिरकी असेल तर मोजलेली लांबी आणि सरळ खोली यात शेकडो मीटरचं अंतर पडू शकतं.

खरा कस लागला तो दाबाचे आकडे कुठल्या जातीचे आहेत ते ओळखण्यात. रिपोर्टात "प्रेशर" असं लिहिलेलं सगळं सारखं नसतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे आरएफटी किंवा एमडीटीसारख्या हत्यारानं प्रत्यक्ष थराला नळी टेकवून घेतलेलं मोजमाप. थोडंसं द्रव ओढतात, दाब पडतो, मग हळूहळू चढून स्थिर होतो, तो स्थिर झालेला आकडा थराचा. पण थर घट्ट असेल तर तो स्थिर होतच नाही, किंवा ड्रिलिंगच्या वेळी मडचं, म्हणजे विहिरीत सोडलेल्या चिखलासारख्या द्रवाचं, पाणी आत घुसून अडकलेलं असतं आणि आकडा जास्त येतो, त्याला सुपरचार्जिंग म्हणतात. असे बिंदू काढून टाकायचे, भले ग्राफवर निम्मेच बिंदू उरोत. उरलेले बिंदू खोलीसमोर मांडले की त्यांच्या उतारावरून द्रव कळतं, पाण्याला मीटरमागे साधारण १० किलोपास्कल, तेलाला ७-८, गॅसला फार तर दोन. तो उतार पाण्याचा निघाला की आपली क्षारताही बरोबर होती की नाही ते तपासून मिळतं.

मोजमाप नसलेल्या विहिरीत लोक मड वेटवरून, म्हणजे त्या मडच्या घनतेवरून, दाब काढतात. याबद्दल मला सगळ्यात चांगलं समजावलं ते म्हापशाला राहणाऱ्या मामांच्या एका मित्रानं, आयुष्यभर रिगवर मडचं काम केलेला माणूस, आता रिटायर्ड. त्यांच्याकडे एका रविवारी गेले, भाजी-पाव आणि चहा पुढ्यात आणि ते माझे ग्राफ बघतायत. म्हणाले, "बाय, मड वेट म्हणजे थराचा दाब नव्हे. थरातलं काही वर येऊ नये म्हणून आम्ही त्याच्यावर भर टाकतो. किती टाकायची ते त्या दिवशी रिगवर कोण आहे त्यावर असतं." आकड्यात बघा, १५०० मीटरवर १० पीपीजीचं, म्हणजे गॅलनमागे १० पाउंडांचं, मड म्हणजे १७.६ मेगापास्कल, आणि पाण्याचा स्तंभ सांगतो १५.५ च्या आसपास. कुणी तो १७.६ थराचा दाब म्हणून घेतला तर दोन मेगापास्कल हवेतलेच. मड वेट ही वरची मर्यादा म्हणून वापरायची, फार तर. उलट कुठे किक आली असेल, म्हणजे थरातलं द्रव विहिरीत घुसलं असेल, तर त्या क्षणी थराचा दाब विहिरीतल्या दाबापेक्षा जास्त होता हे नक्की. म्हणून रोजचे ड्रिलिंग रिपोर्ट कंटाळा न करता वाचा, एकेका ओळीत सोनं असतं.

मग लॉगवरून दाब काढायची पद्धत, ईटनची, १९७५ ची. शेल म्हणजे चिखलाचा बनलेला खडक, तो खोल जाताना दबत जातो, त्यातलं पाणी निघून जातं, आवाज त्यातून जास्त वेगानं जातो. पाणी निघायला वाट मिळाली नाही तर शेल तसाच फुगीर राहतो आणि पाण्यावर जादा दाब येतो, सोनिक म्हणजे आवाजाच्या वेगाचा लॉग नेहमीच्या रेषेपासून सरकतो. किती सरकला त्यावरून दाब. सूत्रात सोनिकसाठी घात ३ आणि रेझिस्टिव्हिटीसाठी १.२ धरतात. व्होल्वेवर सराव केला, छान जमलं, आणि इकडे आणलं तर अडचण. मुंबईसमोरच्या समुद्रात महत्त्वाचे थर चुनखडीचे आहेत, मुंबई हायचा तो प्रसिद्ध एल-थ्री थरही चुनखडीच. चुनखडी शेलसारखी दबत नाही, तिची भोकं विरघळण्यानं आणि सिमेंट होण्यानं ठरतात, तिथे ईटन लावला तर काहीतरी आकडा येतो पण तो आकडा दाबाचा नसतो. म्हणून मी ईटन फक्त वरच्या शेलसाठी ठेवला, कॅप रॉकमध्ये, म्हणजे साठवणीच्या थरावरच्या झाकणासारख्या खडकात, जादा दाब आहे का एवढंच बघायला, आणि चुनखडीसाठी मोजलेल्या बिंदूंवरच राहिले. अहवालात हे एक अख्खं पान लिहिलं आणि व्हायवात तेच पान कामी आलं.

शिवाय तारीख. तेल काढलेल्या थरात दाब उतरलेला असतो, म्हणून प्रत्येक दाबासमोर तो कधी मोजला ते लिहावंच लागतं, विहीर खणली तेव्हाचा की दहा वर्षं उत्पादन झाल्यानंतरचा. दाब उतरलाय म्हणजे भरायला वाव जास्त असं पहिल्यांदा वाटतं आणि ते काही अंशी खरंही आहे, पण दाब उतरला की थर फुटायचा दाबही खाली येतो, त्यामुळे जुना लीक-ऑफ टेस्टचा, म्हणजे विहिरीत दाब वाढवत नेऊन दगड कधी गळायला लागतो ते बघण्याच्या चाचणीचा, आकडा आजच्या दाबाशेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. आणि लीक-ऑफ म्हणून लिहिलेल्या काही टेस्ट प्रत्यक्षात ठरलेल्या दाबावर थांबवलेल्या असतात, दगड गळायला लागलाच नव्हता, तो आकडा फक्त "निदान एवढं तरी सोसलं" असं सांगतो. टेस्टचा ग्राफ मिळाला तर बघा, रेष वाकली का सरळच राहिली.

धरलेल्या आकड्यांत पूर्ण हिशोब असा. थराचा दाब १५.१ ते १५.७. फुटायचा दाब समजा २३.५, त्याचे ९० टक्के २१.२. वाव साडेपाच ते सहा मेगापास्कल. मडचा १७.६ धरला असता तर साडेतीनवर आला असता, म्हणजे साठवण साधारण ३५-४० टक्के कमी दिसली असती.

डिसेंबर-जानेवारी लिहिण्यात गेले. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवप्रदर्शन चालू होतं, पणजीला जाणारी कदंब बस तासन् तास अडकायची, एकदा तर मी बसमध्येच आख्खं प्रकरण मोबाइलवर दुरुस्त केलं. घरी बाबांना हे सगळं काय आहे ते सांगायचा प्रयत्न याच काळात केला. ते खाणीच्या दिवसांत वाढलेले, त्यांना पहिली शंका हीच की खाली काहीतरी घालणार आणि वर आमची वाट लागणार. त्यांना म्हटलं, खाणीत खड्डा खोल गेला, पंप लावून पाणी उपसलं, तेव्हा लांबच्या वाड्यावरच्या विहिरी आटल्या की नाही? त्या विहिरीतला प्रत्येक थेंब काही खड्ड्यात जाऊन पडला नव्हता, पण दाब उतरला तो लांबवर पोचला. इथे त्याच्या उलट, गॅस विहिरीपासून थोडाच पसरतो पण वाढलेला दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो. बाबांनी लगेच विचारलं, मग त्या पुढच्या टोकाला काय आहे ते कोण बघणार? हा प्रश्न मी जवळजवळ तसाच अहवालात घातला, कारण त्या टोकाला जुनी सोडून दिलेली विहीर किंवा भेग असू शकते आणि माझ्या विहिरींचा डेटा तिथपर्यंत पोचत नव्हता.

एप्रिलमध्ये छपाई आणि हार्ड बाइंडिंग, रंगीत पानांमुळे चार प्रतींचे साडेतीन हजार झाले, ग्राफ काळ्या-पांढऱ्यात वाचता येतील असे केले तर निम्म्यात होतं.

व्हायवाच्या आदल्या रात्री झोप आली नाही, पोटात गोळा. बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न भूकंपाचा विचारला. कोयना आठवली का म्हणाले. धरण भरलं ते १९६२ पासून, डिसेंबर १९६७ मध्ये ६.३ चा भूकंप, आणि अजूनही तिथे धक्के बसतात, त्याच भागात सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडून त्याचा अभ्यास चाललाय. पाण्याचा दाब भेगेत झिरपला की दगडाला दगड धरून ठेवणारा जोर कमी होतो, हे मी सांगितलं, आणि हेही की कोयनेचा खालचा खडक ग्रॅनाइटी, भेगाळलेला, तिथली ताणाची स्थिती वेगळी, म्हणून तिथला आकडा इकडे लावता येणार नाही, पण भेगेवर किती दाब चालेल याचा वेगळा हिशोब हवाच आणि तो माझ्या कामात नाही. सर मान हलवून पुढे गेले. मग म्हणाले, पट्टा नको, एक आकडा दे. मी म्हटलं, सर, मोजलेले बिंदू ज्या दोन विहिरींत आहेत तिथे एक आकडा देते, तिसरीत पट्टाच राहील. मॅडम खाली बघून हसत होत्या. पुढचे प्रश्न बहुतेक त्या चुनखडीच्या पानावरच झाले.

आता अर्ज करणार असाल तर एवढं करा, "विहिरीचा डेटा" असं मोघम लिहू नका. डेन्सिटी, सोनिक, गॅमा आणि रेझिस्टिव्हिटी लॉग, दाबाच्या मोजमापांचे तक्ते ग्राफसकट, लीक-ऑफ टेस्ट, रोजचे ड्रिलिंग रिपोर्ट, विहिरीच्या तिरकेपणाचा सर्व्हे, थरातल्या पाण्याचं विश्लेषण आणि तापमान, हे सगळं नावानिशी पहिल्याच पत्रात घाला. माझ्या पत्रासोबत हीच यादी जोडलेली होती, ती मॅडमनी बनवून दिलेली. कुणाला हवी असेल तर पाठवते, आणि केएससी-बार-पीएसआयची एक्सेल शीटही. विहिरींचे आकडे मात्र मागू नका.